सीलबंद वाचक

"कागदाचा वास कुठून आणणार हो तुमच्या वेबसाइटवर?" धारपांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली. त्यांच्यामागे वीसेक वाचक काळ्या फिती लावून उभे होते. बोर्डगेमचं आमचं मासिक 'सोंगटी' आता फक्त ऑनलाइन निघणार, म्हणून ऑफिसवर मोर्चा आला होता.

निष्ठेचा पुरावा म्हणून धारपांनी शेवटचे तीन छापील अंक आणले होते. तिन्ही पोस्टातून आले तसेच, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद.

"उघडले नाहीत?"

"संग्राहक आहोत आम्ही, मॅडम. पाकीट फोडलं की अंक बाद."

मागच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग वास काय पाकिटाचा घेता?" मी जानेवारीचा अंक उचलला आणि टर्रकन पाकीट फाडलं. पहिल्याच पानावरचं माझं निवेदन मोठ्यानं वाचलं. 'पन्नास वाचकांनी नुसतं पोस्टकार्ड टाकलं, तरी छपाई चालू ठेवू.'

"एकही कार्ड आलं नाही," मी म्हणाले.

धारपांचे डोळे भरून आले. मला वाटलं, पटलं.

त्यांनी फाटकं पाकीट हळुवार हातानं सरळ केलं. "याच्या बदल्यात दुसरा द्याल ना? न फोडलेला?"