पंधराव्या मिनिटाचा चहा

“चहा आपोआप गरम होत नाही, विनीत.” मधुराबाईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं.

“पण होतो, बाई,” विनीत तिसऱ्यांदा म्हणाला.

नववी ‘ब’च्या मुलांनी स्वतः प्रयोग रचायचा, घरी करायचा आणि लिहून आणायचा, हे फर्मान बाईंचंच. वीस गुणांचा मामला. दिसेल तेच लिहा, असं त्यांनी घसा कोरडा करून बजावलं होतं. आणि कार्ट्यांनी काय करावं? तेवीस जणांनी लंबक टांगला आणि तेवीसच्या तेवीस लंबक दशांशापर्यंत एकसारखे डोलले. बाईंनी कपाळाला हात लावला. एकटा विनीत काहीतरी वेगळं घेऊन आला, तर याच्या चहाने शास्त्रच धाब्यावर बसवलेलं.

विषय तसा साधा. कपातला चहा किती वेळात निवतो? दर पाच मिनिटांनी तापमान बघायचं. ऐंशी, एकोणसत्तर, साठ, आणि पंधराव्या मिनिटाला एकदम शहात्तर! पठ्ठ्याने तीन दिवस प्रयोग केला होता, पंखा बंद करून, खिडकी लावून. तिन्ही आलेखांना त्याच जागी कुबड. निष्कर्षात लिहिलं होतं, ‘चहात लपलेली उष्णता नंतर बाहेर येत असावी.’

खोटे आकडे म्हणून शून्य द्यावं, तर पोरगं विज्ञानात नापास होणार. गुण द्यावेत, तर मग बाईंनी शिकवायचं तरी कशाला? गुणांची यादी उद्या मुख्याध्यापकांकडे जायची होती. विनीतच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आकडा बदलायला गडी तयार होईना. बाईंना त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

“चल, तुझ्या घरी करून दाखव. खोटं निघालं तर शून्य.”

शाळेपासून गिरगावातली त्याची चाळ पाच मिनिटांवर. आईवडील कामावर गेलेले. घरात फक्त वडिलांची मोठी बहीण, सुभद्राआत्या. बाईंना दारात बघून तिची तारांबळ उडाली. तिने दोन कप चहा टाकला, एक प्रयोगाला, एक बाईंना. बाईंनी आपला कप शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि थर्मामीटरवर डोळे रोखले. विनीतही श्वास रोखून बसला. दोघांनी मान म्हणून वर केली नाही.

पाच मिनिटं, एकोणसत्तर. दहा मिनिटं, साठ. पंधरा मिनिटं, त्रेपन्न.

विनीतचा चेहरा पडला. मनातून बाईंनाही पोरगं खरं ठरायला हवं होतं. त्यांनी आपला विसरलेला कप उचलला आणि मोठा घोट घेतला.

जीभ चांगलीच पोळली. कप हातातून सुटता सुटता राहिला.

आत्या लगबगीने पाणी घेऊन आली आणि वर बाईंनाच दटावू लागली. “फुंकून प्यायचा ना! तुम्ही दोघं त्या कपात डोळे घालून बसलात, तुमच्या चहावर साय धरली. मी आत्ताच ऊन करून ठेवला. ह्याचा पण रोज करते. ती काचेची काडी काढायची, चहा ऊन करायचा, काडी परत घालायची. त्यात सांगायचं काय?”

बाईंनी विनीतकडे पाहिलं. रोज दोन रीडिंगांच्या मध्ये तो कुठे असायचा, एवढंच त्यांनी विचारलं. मान खाली घालून त्याने गॅलरीकडे बोट दाखवलं आणि मोबाइल खिशात आणखी खोल सारला.

बाई पोळलेल्या जिभेनेच हसल्या, इतक्या की आत्याला काही कळेना. त्यांनी तिथंच अठरा गुण दिले, दोन गॅलरीचे कापले. मग निष्कर्षावर रेघ मारून त्याच्याकडून नवा लिहून घेतला:

‘घरात आत्या असल्यास चहा निवत नाही.’