मागचे पंख

ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाल बाहेर आली आणि मोबाइल रोखून उभे असलेले अनंतराव जागीच थिजले.

वीतभर खाली, हॉलच्या भिंतीवर, पतंग बसला होता. वाळक्या पानाच्या रंगाचा, पंख मिटून. सलग तिसरी रात्र. कर्वेनगरातल्या या फ्लॅटमध्ये त्याला एवढं काय आवडलं होतं, देव जाणे! सुशीलाबाईंनी तर त्याला पाहुणाच करून टाकलं होतं. तो आला की ऐन वैशाखातही त्या पंखा बंद करायच्या.

अनंतरावांनी त्याचे फोटो पतंग ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर दोनदा टाकले होते. दोन्ही वेळा ग्रुप चालवणाऱ्या शुभंकरचं उत्तर एकच. 'काका, मागचे पंख दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. पिवळे असले, तर पुण्यातली ही पहिलीच नोंद.'

पहिलीच नोंद! तिच्यापुढे आपलं नाव! रिटायर झाल्यापासून अनंतरावांना एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं.

काल काडीने डिवचून पाहिलं, तर पठ्ठ्या भुर्रकन उडाला आणि फोटोत नुसता डाग आला. पण खरोखर घाबरला, तर तो बसल्या जागी पंख फाकवतो, असं पुस्तकात होतं.

पाल चार बोटं पुढे सरकली.

"अहो, हाकला ना तिला!" झाडू घेऊन आलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या.

"शू! हलू नकोस. ती जवळ आली की तो पंख उघडेल."

"घरी आलेल्या पाहुण्याला पालीच्या पुढ्यात टाकणार?"

"अगं, उडेल तो."

त्या पुढे झाल्या. अनंतरावांनी डावा हात आडवा धरून त्यांना अडवलं. स्वतःची लाज वाटली त्यांना, पण उजव्या हाताचा अंगठा बटणावरून हटला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तोही त्यांनी पुसला नाही.

पाल थांबली. तिची शेपटी वळवळली.

पतंगाने पंख फाकवले. अनंतरावांनी बटण दाबलं. त्याच क्षणी भिंतीवर टप् असा आवाज झाला.

फोटोत पालीची पाठ तेवढी आली होती.

टीपॉयवर काहीतरी तरंगत येऊन पडलं. सुशीलाबाईंनी ते दोन बोटांनी अलगद उचललं आणि अनंतरावांच्या नोंदींच्या उघड्या वहीवर ठेवलं.

"घ्या. पिवळाच आहे."

आत जाता जाता त्यांनी पंखा लावला.