पाटीवरचं नाव

नाशिकच्या एका नव्या हॉटेलात मालनबाईने पेठहून येऊन महिनाभर राबून भिंत उभी केली. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती, शेण आणि भातगिरणीने फेकून दिलेलं तूस. तिच्या स्वतःच्या घराची भिंत आहे, अगदी तशीच.

उद्घाटनाला भिंतीशेजारी पितळी पाटी लागली. मालनबाईने ती सुनेकडून वाचून घेतली. ‘टाकाऊपासून टिकाऊ भिंत. संकल्पना आणि निर्मिती : डिझायनर निहार सामंत.’

“अन माझं नाव?” तिने विचारलं.

“मावशी, मजुरांची नावं पाटीवर घालत नाहीत,” सामंत साहेब हसत म्हणाले.

पावसाळा सरला तशा भिंतीला भेगा गेल्या, पोपडे सुटायला लागले. साहेबांनी हॉटेलच्या मॅनेजरला गाडी घेऊन थेट पेठला पिटाळलं. तो पोचला तेव्हा मालनबाई आपल्या घराची भिंत सारवत होती.

“मावशी, चला पटकन. शनिवारी मासिकवाले फोटो काढायला येणार आहेत. साहेबांनी तुम्हालाच आणायला सांगितलंय.”

मालनबाईने सगळं ऐकून घेतलं. मग शेणामातीच्या काल्याने भरलेली बादली उचलली आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. मॅनेजर तिच्यासाठी पुढचं दार उघडून उभाच होता.

 

“मी नाय येत. आमच्यात भिंत ज्याची, दरसाल सारवायची त्यानंच. पाटीवर नाव साहेबांचं हाय, तर त्यांना म्हणावं बाह्या वर करा.”