हॅल्सॉलचं दुकान हलणार नाही

"अख्खा रस्ता गिळलात तुम्ही! आता माझ्या दुकानावर डोळा?"

डेनिस हॅल्सॉल गल्ल्यामागून कडाडला. दारात एक बाई मोजायची टेप घेऊन उभी होती. गळ्यात ओळखपत्र, नगरपालिकेचंच असणार; ओठांवर ते ठेवणीतलं हसू. गावाचं वाटोळं करायला येणारे तलवारी घेऊन येत नाहीत. टेप घेऊन येतात.

"मिस्टर हॅल्सॉल, मी फक्त माप घेतेय."

"खाटीकही बकऱ्याला आधी नुसतं चाचपतोच!"

बाई टेप ओढून दाराबाहेरची भिंत मोजायला लागली. डेनिसचा पारा आणखी चढला.

"आधी रस्त्यावर पिवळे पट्टे ओढलेत. गाडी थांबवली की दंड. मग गावाबाहेर पत्र्याचं ते अवाढव्य दुकान उठवू दिलंत, तिथे गाडी फुकट. आमच्यावर मात्र असा कर की श्वासाचंही भाडं भरावं! प्रेस्कॉट खाटीक गेला. लोकरवाली गेली. बूट शिवणारा क्लेग गेला. सगळ्या लँकशर परगण्याला मापानं बूट देणारा माणूस, शेवटी स्वतःच्याच दुकानाच्या काचेवर फळ्या ठोकत होता. कोणाला विचारून केलंत हे?"

"बरोबर बोललास!" समोरच्या बसथांब्याच्या बाकावरून मिसेस ओग्डननी हाळी दिली. ऐन जानेवारीत म्हातारी अंगावर पातळ झगा आणि पायात घरातल्या मऊ सपाता घालून बसली होती. "सोडू नकोस तिला! माझी बस आली तर मात्र मी निघाले हं."

"कसली येतेय! बसही बंद केली असेल मेल्यांनी."

"मग तुझ्या हातगाडीवरून सोड मला."

"तुम्हाला ओढायला बैलजोडी लागेल, मिसेस ओग्डन!"

म्हातारी खिदळली. डेनिसलाही हसू फुटणार होतं, पण त्यानं ते गिळलं. आज हसण्याचा दिवस नव्हता. बापानं ह्याच गल्ल्यामागे उभं राहून त्याला वाढवलं होतं. दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे? करायचं काय? हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नव्हता. म्हणून तो दोरीची गुंडाळी सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

दुकानाला तशी कळा राहिली नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. बादल्या होत्या, ब्रश होते, सुतळी होती. पण खिळे, सुऱ्या, रॉकेल हा माल घाऊकवाल्यानं पाठवणंच बंद केलं होतं. तेही वरच्यांचंच कारस्थान, दुसरं काय!

तेवढ्यात वॉशरवाली बाई आली.

करडे केस, नीट इस्त्री केलेला कोट. रोज यायची आणि रोज नळाचा वॉशर मागायची. कालचं तिला आठवत नसावं, असं डेनिसनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तरी त्यानं तिला कधी तसं जाणवू दिलं नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"नळ गळतोय हो, मिस्टर हॅल्सॉल."

"गळणारच. लँकशरचं पाणी, त्याला दम कुठला!" त्यानं वॉशर कागदात बांधला. "बसा जरा. विनीला चहा टाकायला सांगू? वरच आहे ती."

"नको. कामात असेल."

"कामात कसली! माझ्या नावानं बोटं मोडत असेल. लग्न झाल्यापासूनचा उद्योग आहे तिचा."

बाई मान खाली घालून हसली. मग तिची नजर टेपवाल्या बाईकडे गेली आणि हसू मावळलं. पुडी गल्ल्यावर तशीच ठेवून ती तरातरा दाराबाहेर गेली.

"तुम्ही मला शब्द दिला होता," ती दबक्या आवाजात म्हणाली. डेनिसनं कान टवकारले. "हे काढलंत तर तो उभ्या उभ्या संपेल. जागेची एवढी चणचण असेल तर तुमचं ऑफिस पाडा ना!"

डेनिसला उचंबळून आलं. कोण कुठली बाई, आणि दुकानासाठी वाघिणीसारखी भांडतेय! अशी गिऱ्हाइकं प्रेस्कॉटला मिळाली असती तर?

"अहो, ऐका तरी," टेपवाली म्हणाली. "भिंत रंगवायची आहे, म्हणून मोजली. नव्या खोल्या वरच्या मजल्यावर काढतोय. तुमच्या यजमानांची ही जागा हलणार नाही. डॉक्टरांनीच तसं लिहून दिलंय."

बाई परत आली आणि दोन्ही हातांनी गल्ला धरून उभी राहिली. डोळे भरलेले, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

"राहिलं. डेन, दुकान राहिलं!"

डेनिसच्या छातीवरची धोंड उतरली. त्यानं दोरी टाकली, गल्ल्यावर थाप मारली, आणि आढ्याकडे तोंड करून पोरासारखा ओरडला, "विनी! अगं ए विनी! दुकान राहिलं गं!"



"ऐकलं रे," समोरची बाई हळूच म्हणाली.

तिकडे मिसेस ओग्डन टाळ्या पिटत होत्या. डेनिसनं डोळे पुसले. कित्येक दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. मग त्यालाच लाज वाटली. आपण नाचतोय, आणि ह्या बिचारीचं काय?

"बाई, मघाशी तुमचं बोलणं कानावर पडलं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "यजमान तुमचे कुठल्याशा वृद्धाश्रमात आहेत, नाही का? रोज जात असाल भेटायला. तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." त्यानं गल्ल्यावरून तिच्या हातावर हात ठेवला. "ओळखतात ना ते तुम्हाला अजून? सांगा की!"