डेरिकचं वजन

"अजून एक घे, संकोच करू नकोस," असं म्हणत हेमचंद्रने डिंकाच्या लाडवांचा डबा डेरिककडे सरकवला.

डेरिकने निमूटपणे आणखी एक लाडू उचलला. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावच्या या घरात त्याला कालपरवापर्यंत प्रवेश नव्हता. आपल्या मुलीचा, कादंबरीचा, हा मित्र कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतो हे कळल्यावर हेमचंद्रने तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. बॉल काखेत मारून धिप्पाड माणसांच्या अंगावर धावून जायचं, हा काय पोटापाण्याचा उद्योग झाला? त्याची बायको वसुधा तर रडलीच होती.

गंमत म्हणजे हेमचंद्रचं स्वतःचं घर त्याच धावण्यावर चालत होतं. अशा धावणाऱ्यांना रनिंग बॅक म्हणतात. त्यांचा वेग, वजन, उडी यांचे आकडे मांडून त्यातला कोण पुढे चमकेल आणि कोण वर्षभरात घरी बसेल, हे तो व्यावसायिक टीमना सांगायचा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि हे तो चारचौघांत आवर्जून सांगत असे.

म्हणून "त्याला घरी बोलव, मी काय करता येतं ते बघतो," असं तो आपणहून म्हणाला, तेव्हा कादंबरीने त्याला मिठीच मारली. "थँक यू बाबा! त्याचं मोठ्या टीममध्ये सिलेक्शन व्हायलाच हवं रे. काहीही कर, पण होऊ दे."

"पंधरा पौंड वाढवायचे? नक्की ना, काका?" डेरिकने इंग्रजीत विचारलं. 'काका' तेवढं तो कादंबरीकडून शिकला होता.

"नक्की. हलका माणूस जोरात पळतो यात काय नवल? जड माणूस तेवढ्याच जोरात पळाला, की टीमवाले त्याच्या मागे लागतात. वेग तुझ्याकडे आहे. कमी आहे ते वजन."

"कोच म्हणतात, निवड चाचणी तोंडावर आलीय, आता वजनाला हात लावू नकोस."

"तुझे कोच भले आहेत. पण हजारो खेळाडूंचे आकडे मी पाहिलेत, त्यांनी नाही."

डेरिकला ते पटलं. त्याला वडील नव्हते. कुणी मोठं माणूस आपल्यासाठी इतका वेळ काढतंय, याचंच त्या बिचाऱ्याला अप्रूप होतं.

वसुधाही हळूहळू विरघळली. ती त्याच्या भातावर साजूक तूप ओतायची आणि जाताना डबा बांधून द्यायची. शनिवारी सकाळी हेमचंद्र स्टॉपवॉच घेऊन त्याला शाळेच्या मैदानावर पळवायचा. एकदा पळताना डेरिकची मांडी मागून आखडली.

"होतं असं," हेमचंद्र म्हणाला. "नवीन वजन अंगात मुरायला वेळ लागतो."

कादंबरी मात्र गप्प गप्प असायची. तिला तिकडे लांब श्रूजबरी गावाजवळ संशोधनाची जागा मिळाली होती, आणि तिने तिथे एकटीपुरतं छोटं घरही बघून ठेवलं होतं. डेरिकला कुठल्या गावाची टीम घेईल, हे तिने एकदाही विचारलं नाही. पोरगी धास्तावली आहे, असं हेमचंद्रला वाटलं.

चाचणीच्या दिवशी सगळ्या टीमची माणसं बघायला आली होती. डेरिक सुटला, अर्ध्या अंतरापर्यंत झकास पळाला आणि मांडी धरून कोसळला. मागचा स्नायू हाडापासून तुटला होता. चालशील, पण पळायचं विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात टीमनी नवे खेळाडू निवडले, त्यात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

त्या संध्याकाळी तो हेमचंद्रच्याच सोफ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. "सॉरी काका. तुमची मेहनत मी वाया घालवली."

हेमचंद्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

कादंबरी त्याला सोडायला गेली. वसुधाने पदराने डोळे पुसले. "अहो, एवढे आकडे बघता तुम्ही. हे आधी कळलं नाही?"

"कळलं होतं. घाईने वजन वाढवलेल्यांचं बहुतेक हेच होतं."

"म्हणजे तुम्ही मुद्दामच...?" वसुधाने विचारलं.

"मी त्याला खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त अर्धंच सांगितलं," हेमचंद्र शांतपणे म्हणाला. "आता ती श्रूजबरीला जाईल आणि याला विसरेल. आपल्याला 'नाही' म्हणून वाईटपणाही घ्यावा लागला नाही."

आठवड्याने दोघं दारात उभी राहिली. डेरिक कुबड्यांवर होता. कादंबरीच्या हातात फुलं होती.

"आई, बाबा, आम्ही आज कोर्टात जाऊन लग्न केलं."

हेमचंद्रने आधी कुबड्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "आणि श्रूजबरी?"

"कॅन्सल केलं."

"अगं, पण का?"

डेरिकला मराठी कळत नव्हतं. तो कौतुकाने तिच्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघून तीही हसली, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, एकही इंग्रजी शब्द न वापरता म्हणाली, "याला असा मोडलेला टाकून कशी जाऊ? याची निवड झाली की त्याच दिवशी मी याला सोडणार होते, बाबा. तेवढ्यासाठीच तर थांबले होते."