बद्द वाजलेला दात

ईस्टरच्या सकाळी चर्चसमोर अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. या खेळात ओब्राद आजोबांना वीस वर्षं कुणी हरवलं नव्हतं. घरची अंडी एकेक करून पुढच्या दातावर हलकेच ठोकायची, खण्ण वाजेल ते उचलायचं, ही त्यांची पारख. पण गेली दोन वर्षं एकही अंडं खणखणेना, आणि ते पहिल्याच फेरीत बाद होत होते.

"यंदा हरलो तर सगळ्या कोंबड्यांचं सूप," त्यांनी जाहीर केलं होतं.

त्याच आठवड्यात देसांका आजींनी त्यांना दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

"अगं, दुखत नाहीये काही."

"दुखायच्या आधीच दाखवायचं असतं. ट्रॅक्टर बरा दरवर्षी दाखवता."

डॉक्टरणीने तोंडात आरसा फिरवला, हिरड्या तपासल्या, कीटण खरवडलं. मग हत्याराच्या दांड्याने ती एकेक दात ठोकून कान देऊन ऐकू लागली. ओब्राद खुर्चीत ताठ झाले. खण्ण, खण्ण, खण्ण. आणि पुढच्या दातावर, बद्द.

"हा आतून पोखरलाय, आजोबा. दोनेक वर्षं झाली असतील. वाचेल, पण आता दर सहा महिन्यांनी येत जा."

"म्हणजे अंडी चांगली होती," ओब्राद पुटपुटले.

घरी आल्यावर ते आधी खुराड्यापाशी गेले. टोपी काढली, आणि मक्याचं अख्खं टोपलं कोंबड्यांपुढे रितं केलं.