आधी कोणाला?

बोलता बोलता डॉक्टरांनी पुन्हा एकदा सभागृहाच्या मागच्या टोकाच्या घड्याळाकडे पाहिलं आणि संयोजक बाईंनी कपाळाला हात लावला. पाहुणा कंटाळला होता.

आजचं व्याख्यान पडलं तर व्याख्यानमाला बंद, असं मुख्य विश्वस्तांनी तोंडावर सांगितलं होतं. आरोग्याचं धोरण नि देशाचं संरक्षण ऐकायला येतं कोण, असा त्यांचा सवाल. बाई हट्टाला पेटल्या. जुनं सभागृह त्यांनी रंगवून घेतलं. घरोघरी फिरून माणसं गोळा केली. सकाळी शिडीवर चढून बाल्कनीच्या कठड्यावरचं घड्याळसुद्धा स्वतः सरळ केलं. आणि माणसं खरंच आली! वर्षानुवर्षं रिकामी असलेली बाल्कनीही गच्च भरली.

विषय होता, रुग्णालयात खाटा कमी आणि रुग्ण जास्त असताना आधी कोणाला घ्यायचं. डॉक्टरांचा या विषयात हात धरणारा कोणी नव्हता. वक्ता म्हणून मात्र त्यांची ख्याती एवढीच, की ते कागदातून मान वर काढत नाहीत. आज कागद तसाच पडला होता आणि डॉक्टरांची नजर घड्याळावर.

पहिल्याच टाळीला त्यांनी हात वर केला.

"टाळ्या शेवटी. वरच्या मंडळींनी पायही वाजवू नका. माझी लिंक तुटते."

लिंक लागली होतीच कुठं, असं बाईंच्या मनात आलं.

"हे सांगून कळायचं नाही," डॉक्टर एकदम म्हणाले. "करूनच बघू. बाल्कनीखाली बसलेले सगळे रुग्ण, असं समजा. तुम्ही पुढे या. मधल्या वाटेत, इथं समोर जमिनीवर, जागा मिळेल तिथं. सगळ्यांत आधी खांबाजवळच्या आजी."

आजी म्हणजे बाईंची आई.

"मी कुठली रुग्ण? आणि मला इथंच पंखा लागतो," आई तिथूनच कडाडली.

"तुम्ही ठणठणीत आहात, आजी. म्हणून तर म्हणतो. तुम्ही उठलात की या तरुणांना बसून राहायची लाज वाटेल."

हशा पिकला. आई पुटपुटत उठली. बाईंनी तिला हाताला धरून पुढे आणलं. तिच्या खांद्यावर पांढरी भुकटी होती.

"नव्या रंगाला टेकलीस ना?" बाईंनी ती झटकली.

"मी कुठं टेकले?" आई फणकारली.

बाल्कनीखालच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग वरच्यांची पाळी.

"पुढची रांग आधी. दोन्ही जिन्यांनी, एकामागून एक. जो धावेल त्याचा नंबर शेवटी."

"डॉक्टर, आम्ही मरतोय का?" वरून एका तरुणाने विचारलं.

"अजून नाही. म्हणून तर हळू या."

पुन्हा हशा. पहिल्या रांगेतले मुख्य विश्वस्त बाईंकडे वळून म्हणाले, "हे व्याख्यान आहे की संगीतखुर्ची?" बाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

पण डॉक्टर थांबले नाहीत. एकेक रांग उतरत होती आणि ते बोलत होते. जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात, तोवर गप्प पडलेला हातचा जातो. रुग्णालयात त्यांना रोगापेक्षा घाबरलेल्या गर्दीची भीती जास्त वाटते, म्हणाले. चांगलं धोरण म्हणजे काय, तर लोकांना न घाबरवता हलवता येणं. आवाज शांत, शब्द साधे. गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई घड्याळाचं विसरल्या. असं व्याख्यान त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. या माणसाला आपण बोलावलं, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

शेवटची रांग खाली उतरली आणि मागे काहीतरी धप्पकन पडलं. माना वळायच्या आत डॉक्टरांच्या हातून पाण्याचा जग निसटला आणि व्यासपीठाच्या कडेवर आदळून फुटला. पुढचे सगळे भिजले. मुख्य विश्वस्तांची विजारसुद्धा.

"माफ करा, माझ्या हाताला वळण नाही," डॉक्टर हसत म्हणाले. "आता ओल्यात कशाला बसता? प्रश्नोत्तरं बाहेर अंगणात. बाजूच्या दारांनी चला. आजी, तुम्ही पुढे."

माणसं हसत, वाद घालत बाहेर पडली. विजार झटकत मुख्य विश्वस्त बाईंपाशी थांबले.

"पुढच्या वर्षी पण यांनाच बोलवा," म्हणाले आणि गेले.

बाई जवळजवळ धावतच व्यासपीठावर चढल्या. डॉक्टरांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"डॉक्टर, तुम्ही आमची व्याख्यानमाला वाचवलीत! एकच विचारते, राग मानू नका. सुरुवातीला सारखं घड्याळाकडे का बघत होता? आमचा कंटाळा आला होता?"

"घड्याळाकडे?" डॉक्टरांनी बाईंचा दंड धरला होता आणि ते त्यांना बाजूच्या दाराकडे ओढत होते. "आधी बाहेर चला."

"अहो थांबा, तुमची फुलं राहिली," म्हणत बाई वळल्या. डॉक्टर इतका वेळ जिथं बघत होते, तिथं त्यांची नजर गेली.

सकाळी सरळ केलेलं घड्याळ आडवं लोंबत होतं. त्याच्याखाली नवा रंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फाटला होता, रिकामी बाल्कनी कण्हत कण्हत खाली येत होती, आणि खांबाजवळची आईची खुर्ची गिलाव्याच्या ढिगाखाली दिसतही नव्हती.